बंद यंत्रांचा चालू खर्च

बांधाला मोठें खिंडार पडलें तर तें धन्याच्या दृष्टीस लगेच पडतें, आणि दुसऱ्या दिवशीं चार माणसें लावून तो तें बुजवून घेतो. परंतु भाताच्या खाचरांत खेकड्यानें पाडलेलें बोटभर बीळ कोणास दिसत नाहीं. त्यांतून रात्रंदिवस पाणी जात राहतें, आणि खाचर कोरडें कां पडलें म्हणून आपण आभाळाकडे पाहूं लागतों. घरांतील विजेची गोष्ट नेमकी अशीच आहे. जळता दिवा डोळ्यांस दिसतो, फिरता पंखा कानांस ऐकूं येतो. म्हणून काटकसरीचा विषय निघाला कीं सर्वांचा रोख त्यांच्यावर. परंतु जीं यंत्रें आपण बंद केलीं असें समजतों, त्यांतील पुष्कळ बंद असूनही वीज खात असतात. ती किती, कां, व ती कशी थांबवावी, याचा हिशेब वाचक बंधूंपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखक विद्युत्‌शास्त्राचा जाणकार नव्हे. त्याचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि उमेदीचीं सर्व वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. खातेउतारे, वसूल, बाकी आणि त्यांचा ताळा जमविणें एवढेंच त्याला येतें. परंतु विजेचें बिल हाही एक वसूलच आहे. आणि त्याचा ताळा जमवितांना जो अनुभव आला तो सांगण्यास आकडेमोडीपलीकडे कांहीं लागत नाहीं.

सेवानिवृत्त होऊन मी गांवीं कायमचा राहावयास आलों तेव्हां घरांत माणसें पांच : माझी वृद्ध आई, आम्ही उभयतां, थोरला मुलगा व सून. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त शहरांत. बिल दरमहा ११२ ते ११६ युनिटांचें येई. घरांतील दिवे, पंखे, फ्रिज व इतर वापर यांची मीं केलेली बेरीज नव्वदीच्या वर जात नव्हती. वरचीं वीस-बावीस युनिटें कोठें जातात हें शोधण्यासाठीं मीं तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही चुकल्या.

प्रथम सूनबाईंच्या इस्त्रीवर ठपका ठेवला. नंतर मीटरच पळतें असें समजून तें तपासण्याविषयीं अर्ज दिला; तपासणी रीतसर झाली व मीटर बरोबर निघालें. तिसरी चूक सर्वांत वाईट. ओटी व न्हाणीघर यांमधील बोळांत रात्रभर नऊ वॅटांचा एक एलईडी दिवा जळत असे. “हा दिवा रात्रभर कोणासाठीं?” असें मी दोनदां बोललों. आईनें तें मनावर घेतलें, आणि कोणास न सांगतां निजतांना ती तो मालवूं लागली. एके रात्रीं न्हाणीघराकडे जातांना उंबऱ्यास ठेंच लागून ती पडली. उजवें मनगट मोडलें, आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें राहिला.

त्यानंतर मीं जो हिशेब मांडला, तो खरें म्हणजे आधीं मांडावयास हवा होता. हजार वॅटांचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. त्या मानानें नऊ वॅटांचा दिवा दहा तास जळला तर ९० वॅट-तास होतात. म्हणजे एक युनिट खावयास त्याला अकरा रात्री लागतात. महिन्याचीं पावणेतीन युनिटें. एवढ्यासाठीं मीं आईला अंधारांत चालावयास लावलें. आणि बाकीचीं वीस युनिटें तशींच बेपत्ता!

आतां मूळ विषयाकडे वळूं. रिमोटनें बंद केलेला दूरदर्शनसंच खरोखर बंद होत नाहीं. पुन्हां रिमोट दाबतांच तो उठावा याकरितां त्याचा एक कान सतत जागा ठेवलेला असतो. यालाच स्टँडबाय म्हणतात. आपल्या भाषेंत ‘तिष्ठत राहणें’ म्हणतां येईल. दुकान बंद झालें तरी दारांत राखणदार बसविला असेल तर त्याची मजुरी चालूच राहते, तसाच हा प्रकार होय. त्याचीं कारणें निरनिराळीं आहेत. कोठें रिमोटची खूण टिपणारा भाग जागा असतो. कोठें घड्याळाचे आंकडे सतत दाखविले जातात, जसे मायक्रोवेव्हवर. कोठें वीज कमी दाबाची करून देणारा रोहित्राचा गठ्ठा आंत असतो, आणि यंत्राचें बटण त्याच्या पुढें असतें, मागें नसतें. त्यामुळें बटण बंद केलें तरी रोहित्रांत वीज खेळत राहते व तें कोमट लागतें. जुन्या स्पीकरसंचांत व जुन्या जड चार्जरांत हें हटकून आढळतें.

सर्वांत मोठा खादाड मात्र सेट-टॉप बॉक्स होय. रिमोटनें बंद केल्यावर पुष्कळ बॉक्स केवळ चित्र पाठविणें थांबवितात. आंतील यंत्रणा बहुतांशीं चालूच राहते. छपरावरील छत्रीच्या तोंडाशीं जो ग्राहक बसविलेला असतो, त्यालाही वीज याच बॉक्समधून केबलवाटे जाते. म्हणून चालू बॉक्स व बंद बॉक्स यांच्या खाण्यांत फारसा फरक राहत नाहीं. संशय असल्यास सकाळीं उठतांच, संच लावण्यापूर्वीं, बॉक्सवर हात ठेवून पाहावा. रात्रभर बंद असलेली वस्तु उबदार लागते, याचा अर्थ काय तो उघड आहे.

परंतु हात ठेवून अंदाज येतो, आंकडा येत नाहीं. आंकडा काढण्याचें साधन प्रत्येकाच्या दाराशीं टांगलेलें आहे, तें म्हणजे मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि त्याच्याजवळ एका युनिटास किती लुकलुका होतात तो आंकडा छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो. दोन लुकलुकांमधील सेकंद मोजावे, आणि ११२५ या आंकड्यास त्या सेकंदांनीं भागावें. जो भागाकार येईल तितके वॅट त्या क्षणीं घर खात आहे असें समजावें. मीटरवर १६०० छापलेलें असल्यास ११२५ च्या जागीं २२५० घ्यावे, आणि ६४०० असल्यास ५६२ घ्यावे.

पडताळा पाहावयाचा असेल तर घरांतील सर्व कळा बंद करून एकच नऊ वॅटांचा दिवा लावावा. ३२०० च्या मीटरवर सुमारें १२५ सेकंदांनीं एक लुकलुक होईल. एक सूचना मात्र ध्यानांत असावी. भार अगदीं तीन-चार वॅटांचा असेल तर मीटर कधीं कधीं तो मोजतच नाहीं. अशा वेळीं माहीत असलेला दिवा सोबत लावावा व उत्तरांतून त्याचे वॅट वजा करावे.

मीं हें काम एका रविवारीं दुपारीं केलें. सर्व दिवे व पंखे बंद केले, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढला. घरांत चालू असें कांहीं उरलें नाहीं. तरीही मीटरचा दिवा ३४ सेकंदांस एकदां लुकलुके! म्हणजे ‘बंद’ घर ३३ वॅट खात होतें. मग एकेक प्लग काढीत गेलों. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढतांच ३४ चे ५० सेकंद झाले. स्पीकरसंचाचा काढतांच ८३, दूरदर्शनसंचाचा काढतांच ११८. धाकट्या मुलाचा जुना संगणक व त्याचे साहित्य माळ्याच्या खोलींत तसेंच जोडलेलें होतें, तोही काढला. शेवटीं उरलेल्या मायक्रोवेव्ह व चार्जरांसोबत नऊ वॅटांचा दिवा लावला तेव्हां ९० सेकंद आले, म्हणजे साडेबारा वॅट; त्यांतून दिव्याचे नऊ वजा जातां साडेतीन राहिले. यावरून पुढील तक्ता तयार झाला. पहिला आंकडा बंद स्थितींतील वॅटांचा, दुसरा दिवसांतून तें यंत्र किती तास असें बंद राही त्याचा, व तिसरा वर्षाच्या युनिटांचा आहे.

सेट-टॉप बॉक्स : ११ वॅट, २० तास, ८० युनिटें.
स्पीकरसंच : ९ वॅट, २२ तास, ७२ युनिटें.
मुलाचा संगणक : ६ वॅट, २४ तास, ५३ युनिटें.
जुना दूरदर्शनसंच : ४ वॅट, २० तास, २९ युनिटें.
मायक्रोवेव्ह : ३ वॅट, २४ तास, २६ युनिटें.
मोबाइलचे तीन चार्जर मिळून : अर्धा वॅट, २४ तास, ४ युनिटें.

एकूण वर्षाचीं सुमारें २६४ युनिटें, म्हणजे महिन्याचीं बावीस. बेपत्ता वसूल सांपडला. आईचा दिवा रात्रभर जळून जेवढें खात होता, त्याच्या जवळजवळ अडीचपट माझा बॉक्स बंद राहून खात होता. आणि तो बॉक्स कोणाच्या हौसेचा, हें येथें सांगावयास नको.

हे आंकडे माझ्या घरचे आहेत. दुसऱ्या घरीं तेच येतील असें नाहीं. नवे दूरदर्शनसंच बंद स्थितींत अर्धा-एक वॅटच घेतात. म्हणूनच ऐकीव गोष्टींवर न जातां प्रत्येकानें आपलें घर मोजावें. एक आंकडा पाठ ठेवण्याजोगा आहे : एक वॅट अहोरात्र वर्षभर गळला तर पावणेनऊ युनिटें होतात. मोबाइलचा चार्जर भिंतींत राहिला म्हणून मुलांवर ओरडणारे पुष्कळ आहेत. परंतु आजचा हलका चार्जर मोबाइल न लावलेला असतां वॅटाचा लहानसा अंश घेतो. त्याची कळ बंद करावी हें बरें, पण तेवढें करून समाधान मानूं नये. मोठ्या थकबाकीदारास सोडून चार आण्यांच्या बाकीसाठीं तगादा लावण्यासारखें तें होईल.

पैशांच्या दृष्टीनें आणखी एक मुद्दा आहे. घरगुती विजेचा दर आपल्याकडे चढत्या टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांस जो दर लागतो, त्यापेक्षां १०१ ते ३०० या टप्प्यांतील युनिटांस पुष्कळच जास्त लागतो. आपलें बिल १०० च्या थोडें वर जात असेल तर वांचविलेलें युनिट स्वस्त टप्प्यांतून वजा होत नाहीं, वरच्या महाग टप्प्यांतून वजा होतें. माझ्या ११४ युनिटांतून २१ गेलीं तेव्हां त्यांतील चौदा महाग टप्प्यांतलीं होतीं. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून ज्यानें त्यानें आपल्या बिलावर छापलेला दर पाहावा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याची योजना राज्य शासनानें २०२४ सालीं सुरू केली, त्यामुळें विजेच्या बिलाकडे पाहण्याची आपली संवय थोडी सुटली आहे. परंतु त्या योजनेंत घरची जोडणी येत नाहीं. घरचें बिल घरानेंच भरावयाचें आहे.

आतां उपाय. ते अवघड नाहींत.

पहिला उपाय, रिमोटनें बंद केल्यावर भिंतीवरची कळ बंद करणें. हें सर्वांस ठाऊक असूनही होत नाहीं, याचें कारण आळस हें नव्हे. कळ कपाटाच्या मागें असते हें होय. शेताचें फाटक वाटेवर असलें तर येणारा जाणारा तें लावून घेतो. काट्यांत असलें तर उघडेंच राहतें. मीं वीस फुटांची वायर न ओढतां एक चांगल्या प्रतीचा, कळ असलेला एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. दूरदर्शनसंच, बॉक्स व स्पीकर हीं तिन्ही त्याला जोडलीं आणि बोर्ड कोनाड्यांत हाताशीं बसविला. रात्रीं निजतांना एकच कळ. सकाळीं बॉक्स सुरू व्हावयास दोन-तीन मिनिटें लागतात, एवढाच त्रास. अशा बोर्डावर इस्त्री, गीझर किंवा शेगडी मात्र कधींही जोडूं नये. एवढा भार त्याला सोसत नाहीं.

दुसरा, जें यंत्र आठवड्यांतून एकदां लागतें त्याचा प्लग काढूनच ठेवावा. माझ्या मुलाच्या संगणकास कोणी हातही लावीत नव्हतें, आणि तो वर्षाचीं ५३ युनिटें खात होता. संगणक वापरांत असल्यास तो आधीं रीतीप्रमाणें बंद करावा व मगच कळ बंद करावी. प्लग काढण्यापूर्वीं कळ बंद करावी, हात कोरडे असावेत.

तिसरा गीझर. त्यांत स्टँडबाय नाहीं, परंतु तापवून ठेवलेलें पाणी थंड होत जातें व गीझर तें पुन्हां पुन्हां तापवितो. पंचवीस लिटरांचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर एक थेंब न वापरतां अर्धें ते एक युनिट असेंच जातें. आंघोळीपुरता लावावा व लगेच बंद करावा.

चौथा, मृगाच्या आधीं वळवाचे ढग उठूं लागले कीं दूरदर्शनसंचाचा प्लग व छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीं, आणि हें काम गडगडाट सुरू होण्यापूर्वींच करावें. विजेच्या कडकडाटांत यंत्रें जळाल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. कळ बंद केल्यानें बिल वांचतें, प्लग काढल्यानें यंत्र वांचतें.

काय बंद करूं नये, हेंही सांगणें अवश्य आहे. फ्रिज बंद करूं नये. त्यांतील वस्तु नासल्या तर वांचलेल्या विजेच्या अनेक पट नुकसान होतें. इन्व्हर्टर स्वतः वीज खातो हें खरें, परंतु त्याचा प्लग काढला तर बॅटरी उतरते व अडचणीच्या वेळीं तो कामास येत नाहीं. नवीन घेतांना गरजेपेक्षां मोठा घेऊं नये, हाच त्याला उपाय. आजारी माणसाच्या उपयोगाचें यंत्र असल्यास त्याला हात लावूं नये. आणि जिन्यावरचा, बोळांतला किंवा गोठ्याच्या वाटेवरचा दिवा मालवूं नये, हें मी स्वतःच्या अनुभवानें सांगतों.

या झिजेचा विचार इतर देशांतही झाला आहे. अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे अॅलन मायर व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांतील दहा घरें मोजून २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या घरांची अशी गळती सरासरी ६७ वॅट निघाली. माझ्या घरच्या दुप्पट! तत्पूर्वीं, १९९९ सालीं, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें प्रत्येक यंत्राची ही झीज एका वॅटाच्या आंत आणावी असें ध्येय पुढें ठेवलें होतें. युरोपीय संघानें तें कायद्यानेंच घालून दिलें : २०१० पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती यंत्रांस साधारण एक वॅटाची मर्यादा, आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटाची. आपल्या देशांत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना २००२ सालीं झाली व २००६ पासून यंत्रांवर तारे असलेली पट्टी येऊं लागली. नवें यंत्र घेतांना ती पट्टी वाचावी. परंतु नवे नियम जुन्या यंत्रांस सुधारूं शकत नाहींत. शहरांत मुलानें नवा संच घेतला कीं जुना गांवीं येतो, आणि तो येथें आणखी दहा वर्षें तिष्ठत बसतो. म्हणून हें मोजमाप शहरापेक्षां आपल्या गांवांत अधिक अगत्याचें आहे.

एका घराची बचत मोठी नव्हे, हें मी जाणतों. युनिटास हिशेबाच्या सोयीसाठीं दहा रुपये धरले तरी माझे वर्षाचे अडीच हजारांच्या थोडे वर रुपये होतात. परंतु चारशें घरांचा गांव घ्या, आणि घरटीं गळती केवळ वीस वॅट धरा. एकूण आठ हजार वॅट झाले. म्हणजे पांच अश्वशक्तीच्या दोन मोटारी कोणाचेंही शेत न भिजवितां वर्षभर, दिवसरात्र चालविल्यासारखें तें आहे. वर्षाचीं सत्तर हजार युनिटें. विहिरीवर अशी मोटार फुकट चाललेली दिसती तर गांवांतला प्रत्येक माणूस धांवत जाऊन ती बंद करता.

गेले तीन महिने माझें बिल ९२ ते ९५ युनिटांचें येत आहे. सूनबाईंजवळ मीं इस्त्रीबद्दल बोललेले शब्द परत घेतले. मीटरवाल्यांस पत्र लिहून आपला अर्ज चुकीचा होता हें कळविलें. आईचें मनगट सांधलें, पण पूर्वींसारखी मूठ वळत नाहीं. बोळांतला दिवा आतां रात्रभर जळतो.

काटकसर करूं नये असें मी म्हणत नाहीं. दिसतें तेंच खातें असें समजून करूं नये, आधीं मोजावें, एवढेंच माझें सांगणें आहे. कागद, पेन्सिल, सेकंदकांट्याचें घड्याळ आणि एक दुपार इतकें भांडवल त्यास पुरें आहे. वाचक बंधूंनीं आपापल्या घरचा तक्ता करून पाहावा, आणि मोजणींत माझ्याहून वेगळे आंकडे आल्यास ते या मासिकाकडे अवश्य पाठवावे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून